भोपळा, पांगारा आणि मतलई वारा

कृष्णाकाठच्या जुन्या माणसांना पोहायला कसं शिकलात म्हणून विचारलं, तर दोन उत्तरं मिळतात. कुणाच्या पाठीला वाळलेला कडू भोपळा बांधलेला असायचा, तर कुणाच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा. भोपळा हलका. काखोटीला मारून घाटावर न्यावा, आत नुसती हवा. पण पायरीवर आपटला की खेळ खलास. पांगाऱ्याचं लाकूड भुसभुशीत आणि लाकडाच्या मानाने हलकं, तरी पोराला ओढत न्यावं लागे आणि भिजल्यावर ते आणखी जड होई. मात्र त्याला आपटा, फेका, वर चार जण बसा, काही होत नसे. पुढे पत्र्याचे डबे आले, मग ट्रकच्या ट्यूबा आल्या. वाद तोच राहिला.

हाच वाद आता जरा महागड्या रूपात परत आला आहे. सातारा आणि सांगलीला समुद्र नाही, पण समुद्राचं वेड लागलेली माणसं आहेत. शनिवारी रात्री कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूण-गुहागर गाठायचं किंवा सांगलीहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जायचं आणि पहाटे गळ टाकायचा. कोकणात याला ‘गरवणं’ म्हणतात. सुरुवात खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावर, उभं राहून गरवण्यापासून होते. मग कुणीतरी सांगतं की तांबोशी आणि गोबरा पुढच्या खडकाळ पाण्यात आहे, सुरमई त्याच्याही पुढून जाते. तिथपर्यंत गळ फेकता येत नाही. मग कयाक घ्यावी असं डोक्यात येतं, आणि पहिला प्रश्न पडतो: हवा भरायची घ्यावी की टणक?

कयाक म्हणजे एका माणसाची, क्वचित दोघांची, लांबट अरुंद नाव. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आळीपाळीने दोन्ही बाजूंना मारत ती चालवायची. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाकडच्या इनुइट शिकाऱ्यांची ही नाव. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं. म्हणजे मूळची कयाक आजच्या अर्थाने टणकही नव्हती आणि फुगवायचीही नव्हती. पण शिकारी हवेलाही ओळखून होते. भाला लागलेला सील बुडून हरवू नये म्हणून दोरीच्या दुसऱ्या टोकाला कातड्याचा फुगा बांधलेला असे.

फुगवून तरंगण्याची कल्पना तर त्याहून जुनी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली असिरियन शिल्पं आहेत. त्यांत फुगवलेल्या कातडी पिशव्यांवर आडवे होऊन नदी पार करणारे लोक कोरलेले आहेत. पुढे 1840 च्या दशकात इंग्लंडच्या नौदलातल्या पीटर हॅल्केट नावाच्या अधिकाऱ्याने रबर चढवलेल्या कापडाचा एक झगाच बनवला. एरवी अंगावर घालायचा, पाणी आलं की भात्याने फुगवायचा आणि त्यात बसायचं. नौदलाने कौतुक केलं आणि विकत मात्र घेतला नाही. आजच्या विक्रेत्यांनाही हा अनुभव ओळखीचा वाटेल.

आपल्या भागाचा रबरी नावेवर विश्वास बसला तो 2019 च्या ऑगस्टमध्ये. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि 2005 चा महापूर मागे पडला. ज्या गल्लीतून आदल्या आठवड्यात दुधाची गाडी जात होती, तिथून एनडीआरएफ आणि नौदलाच्या रबरी बोटी फिरू लागल्या. घडी करून ट्रकमधून आणायच्या, रस्त्याच्या कडेला हवा भरायची आणि थेट गल्लीच्या तोंडाशी सोडायच्या, हे लाकडी किंवा फायबरच्या नावेला कुठे जमणार? भिंतीला घासली, विजेच्या खांबावर आदळली तरी आतल्या माणसाला दणका बसत नाही. आणखी एक गुण त्या दिवसांत अनेकांनी जवळून पाहिला. घाबरलेली माणसं एकाच काठावर झुकतात. हवेच्या नावेला दोन्ही कडांना जाड नळ्या असतात. एक नळी दबली की ती जास्त पाणी बाजूला सारते आणि तितक्याच जोराने वर रेटते. टणक उघड्या नावेचं तसं नसतं. तिचा काठ एकदा पाण्याखाली गेला की पाणी आत शिरतं आणि सावरायला वेळ उरत नाही. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव पुरात उलटली आणि अनेकांचा जीव गेला. कृष्णाकाठ ते विसरलेला नाही.

अशा पुरांमध्ये आपल्याकडे आणखी एक नाव दिसते, ती म्हणजे उसाचा रस आटवायची काहील. गुऱ्हाळातली ही लोखंडी परात म्हणजे टणक नावच, तीही सपाट बुडाची. ती तरंगते, पण कशी, हे तिच्यात बसलेल्यालाच विचारावं. वल्हं मारलं की पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी गिरकी घेते.

तेव्हा पुरात पाहिलेल्या रबरी बोटीवरून एखाद्याने ठरवलं की समुद्रावरही हवेचीच कयाक चांगली, तर त्याला दोष देता येत नाही. पण पुरातल्या बोटीला मागे इंजिन असतं, चालवणारा शिकलेला असतो, अंतर काही गल्ल्यांचं असतं आणि दोन्ही बाजूंना घरांचा आडोसा असतो. गरवायला निघालेल्या कयाकमध्ये इंजिनच्या जागी आपले दोन दंड असतात आणि आडोसा म्हणाल तर क्षितिजापर्यंत नाही.

माझ्या मते निवड इथेच ठरते. कयाक समुद्रात किती सहज जाते हे दुकानदार सांगतो. ती परत कशी येते, हे आपण विचारायचं.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन समुद्राआधी निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. परीक्षेत याला दोन गुण असत. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या पहाटे याचा अर्थ फार वेगळा होतो. पहाटे साडेपाच-सहाला, गरवणाऱ्यांच्या आवडत्या वेळी, वारा पाठीमागून, डोंगराकडून समुद्राकडे जात असतो. किनाऱ्यालगत तर पाणी आरशासारखं असतं, कारण माडांनी आणि टेकडीने वारा अडवलेला असतो. जरा पुढे गेलं की वल्हं न मारताही नाव सरकते. माणूस खूश. अर्ध्या तासाने मागे वळून पाहतो तेव्हा देवळाचं शिखर काडेपेटीएवढं झालेलं असतं, टेकडीचा आडोसा संपलेला असतो आणि आता तोच वारा तोंडावर असतो.

वाऱ्याचा जोर कसा वाढतो हे इथे कळायला हवं. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. आणि रेटा कशावर बसतो? नावेचा जो भाग पाण्याच्या वर आहे त्यावर. हवेची कयाक पंधराएक किलोची, पण अंगाने फुगीर. तिच्या जाड नळ्यांचा थोडासाच भाग पाण्यात असतो, बाकी सगळी वर. टणक कयाक तीस-पस्तीस किलोची, बसकी, पाण्यात रुतून चालणारी, बुडाला धार असलेली. ती पाण्याला धरून असते. हवेच्या कयाकच्या बुडाला एक छोटा पर लावतात, त्यामुळे ती सरळ चालते एवढंच. वाऱ्याने आडवी सरकायची ती सरकतेच.

साधा हिशेब करू. सवय असलेला माणूस हवेच्या कयाकला तासाला चार किलोमीटर नेतो असं धरा. समोरच्या वाऱ्याने त्यातले दोन खाल्ले, तर एक किलोमीटर यायला पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो. वारा वाढून तीन खाल्ले की एक तास. चार खाल्ले की माणूस वल्हं मारतोय आणि किनारा आहे तिथेच. शिवाय पाणी प्यायला, घाम पुसायला थांबलं की नाव उलटी चालते. टणक, लांबट कयाक तेवढ्याच ताकदीत पाच-साडेपाचने जाते आणि वारा तिच्याकडून कमी वसूल करतो. वरवर पाहता फरक दीडेक किलोमीटरचा. परतताना तोच फरक घर आणि खोल समुद्र यांच्यामधला ठरतो.

खाडीच्या तोंडाशी यात ओहोटीची भर पडते. कोकणातले लोक भरतीला दोन नावांनी ओळखतात: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची उधाणाची आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची. उधाणात पाणी जास्त चढतं आणि तितकंच जोरात ओसरतं. दाभोळ, जयगड अशा खाड्यांच्या तोंडातून उधाणाची ओहोटी बाहेर धावत असताना वर मतलई असेल, तर हवेच्या कयाकने त्या वाटेला जाऊच नये. टणक कयाकवाल्यानेही दहादा विचार करावा.

आता कुणी म्हणेल, हवेच्या आणि कापडी नावांनी तर लोकांनी अटलांटिक ओलांडला आहे! खरं आहे. 1952 मध्ये अलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर रबरी होडीतून कॅनरी बेटांहून बार्बाडोसला 65 दिवसांत पोहोचला. 1956 मध्ये हानेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर घडीच्या कापडी कयाकमधून तोच महासागर 72 दिवसांत पार करून गेला. दोघांची हिंमत अफाट. पण दोघांच्याही नावेला शीड होतं, दोघांनाही व्यापारी वारे पाठीमागून ढकलत होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांनाही जेवायला घरी परत यायचं नव्हतं.

ओस्कार श्पेक नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट मला या दोघांपेक्षा जवळची वाटते. 1932 मध्ये तो डॅन्यूब नदीवरच्या उल्म गावातून घडीची कयाक घेऊन निघाला. लाकडी सांगाडा, वर रबर चढवलेलं कापड. कराचीहून आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेने तो सिलोनला गेला, तिथून मद्रास, ब्रह्मदेश असं करत 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळे जर्मन म्हणून पकडलाही गेला. म्हणजे कोकणच्या समुद्रातून कापडी कयाक एकदा सुखरूप गेलेली आहे. पण श्पेक दर्या बघून निघणारा, बघून थांबणारा माणूस होता. त्याला सात वर्षं वेळ होता. आपल्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं, आणि ही सोमवारची घाईच समुद्रावर नको ते निर्णय घ्यायला लावते.

हवेच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ती बाजू हलकी नाही. सांगलीत विश्रामबागेच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने बारा फुटी टणक कयाक ठेवायची कुठे? जिन्यातून वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. गच्चीवर चढवलीच तर ऊन तिला खातं. मोटारीच्या टपावर बांधून आंबा घाटाची वळणं उतरायची म्हणजे दर दहा किलोमीटरला उतरून पट्टे ओढून बघायचे. शिवाय वाळूवरून पाण्यापर्यंत तीस-पस्तीस किलो ओढत न्यायचे, एकट्याने, पहाटे. हवेची कयाक मात्र गादीच्या वळकटीएवढी होते, डिकीत जाते, वर जेवणाचे डबेही राहतात. समुद्रावरून परतताना टणक जिंकते आणि घाटावरून परतताना हवेची, असा हा सामना आहे. बरीच माणसं घाटाचा विचार करून नाव घेतात, कारण घाट डोळ्यांपुढे असतो आणि मतलई वारा नसतो.

सगळ्या हवेच्या कयाक सारख्या नसतात हेही सांगायला हवं. स्वस्तातल्या कयाक म्हणजे पोहण्याच्या तलावातली खेळणी. पातळ प्लॅस्टिक, एकच कप्पा. त्या समुद्रावर नेऊच नयेत. चांगल्या कयाकमध्ये जाड पीव्हीसी किंवा हायपॅलॉनसारखं रबरी कापड असतं आणि निदान तीन वेगळे कप्पे असतात: दोन बाजूंचे, एक तळाचा. एक फुटला तरी दोन तरंगवतात. सगळ्यात वरच्या प्रतीत तळ ‘ड्रॉप-स्टिच’ पद्धतीचा असतो. याला आपली गोधडी आठवावी. वरचं आणि खालचं कापड हजारो उभ्या धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. त्यामुळे कितीही हवा भरली तरी तो नळीसारखा गोल होत नाही, पाटासारखा सपाट राहतो. साध्या नळ्यांत दोन-तीन पीएसआय दाब चालतो. गोधडीच्या टाक्यांचा तळ आठ-दहा पीएसआय सहज घेतो आणि त्यावर उभं राहिलं तरी दबत नाही. अशा कयाकचं चालणं टणकच्या बरंच जवळ जातं. वाऱ्यापुढचं हलकेपण मात्र जात नाही.

हवेचा स्वभावही ओळखून असावा. पसरणी घाट चढताना पाचगणीपर्यंत वेफर्सची पाकिटं कशी टम्म फुगतात, ते प्रत्येक सातारकराने पाहिलंय. बाहेरची हवा विरळ होत जाते, आतली तेवढीच राहते. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा दोन पीएसआयहून जरा जास्तच कमी. म्हणजे महाबळेश्वरला तीन पीएसआयने कडक फुगवलेली नाव तशीच किनाऱ्यावर आणली, तर ती शिळ्या पुरीसारखी लिबलिबीत होईल. फुगवलेली नाव घेऊन कुणी घाट उतरत नाही, हे मान्य. पण उष्णतेचं गणित सगळ्यांनाच लागू आहे. भर उन्हात 40 अंश तापलेल्या हवेने तीन पीएसआय भरले आणि नाव 28 अंशांच्या पाण्यात सोडली, की दाब 2.3 पर्यंत उतरतो. नाव मधोमध वाकते आणि वल्हं जड होतं. म्हणून पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा हवा भरायची असते. उलट, पहाटे 25 अंशांत भरलेली नाव दुपारी जेवायला जाताना वाळूवर ठेवली आणि आतली हवा 55 अंशांवर गेली, तर तीनाचे पावणेपाच होतात. शिवण उसवते ती अशी, पाण्यात नव्हे, सावली न शोधल्यामुळे. बाहेर काढल्याबरोबर थोडी हवा सोडावी.

पंक्चरची भीती मात्र वाटते तशी खरी नाही, आणि वाटत नाही तिथे खरी आहे. वाळूने चांगल्या कापडाला काही होत नाही. कोकणातला खडप वेगळा. त्यावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार वस्तऱ्यासारखी. लाटेने नाव एकदा त्यावरून ओढली की भोक पडत नाही, चीर पडते. दुसरा शत्रू नावेतच येतो. शिंगाळा गळाला लागला तर त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो, कापडात आणि मांडीत सारख्याच सहजतेने जाणारा. सुरमई नावेत आपटते ती दात आणि तोंडातला गळ यांच्यासह. म्हणून हवेच्या कयाकमधून गरवणारे तळाला जाड रबराची चटई टाकतात आणि मासा पिशवीत घेतात. हायवेवरचा पंक्चरवाला इथे कामाचा नाही. ट्यूबला लावायचं रबर सोल्युशन पीव्हीसीला नीट धरत नाही, दुसऱ्या दिवशी ठिगळ हातात येतं. पीव्हीसीचा वेगळा चिकटवा आणि त्याच कापडाचे तुकडे सोबत लागतात.

टणक कयाक कशी बनते हे सांगितलं तर तिच्याबद्दलचा अर्धा गूढभाव जाईल. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी जशी बनते, तशीच. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालायची, साचा भट्टीत फिरवत ठेवायचा. भुकटी वितळून आतल्या सगळ्या भिंतींना सारखी बसते. याला रोटोमोल्डिंग म्हणतात. एकसंध, बिनजोड पोकळ वस्तू तयार होते. खडकावर घासली तर ओरखडा पडतो, फुटत नाही. फायबरग्लासची कयाक हलकी आणि वेगवान असते, पण खडपावर आदळली तर तडकते. गरवण्यासाठी मी ती घेणार नाही.

समुद्रासाठी टणकमध्येही ‘सिट-ऑन-टॉप’ म्हणजे वर बसायची हवी, आत पाय घालून बसायची नको. वर बसायच्या कयाकला बैठकीतून तळापर्यंत आरपार भोकं असतात. लाट वर आली की पाणी भोकांतून आपोआप उतरून जातं. पोकळ भाग बंदच असल्याने आत पाणी शिरायचा प्रश्न नाही, असं वाटतं. इथेच टणकवाल्यांची चूक होते. गळाच्या दांड्या अडकवायला घरी पाडलेलं भोक, सैल झालेलं झाकण, आरपार भोकाच्या कडेची बारीक चीर, यांतून पाणी आत झिरपतं आणि वरून काहीच दिसत नाही. वीस-तीस लिटर पाणी साचलं की ते आत डुचमळू लागतं. नाव कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. टाकी अर्धी भरलेला टँकर वळणावर कसा डोलतो, तसंच. मी एकदा पाणी काढायच्या भोकाचं बूच सांगलीत टेबलावर ठेवून दीड-पावणेदोनशे किलोमीटर गेलो होतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या एका रापणकराने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, रबरी चपलेचा टाचेकडचा तुकडा कापून भोकात ठोकून दिला. त्या दिवशी मी खाडीच्या बाहेर गेलो नाही. तेव्हापासून पोकळीत थर्मोकोलसारख्या फोमच्या लांब नळ्या कोंबून ठेवतो, जिथे फोम आहे तिथे पाणी मावत नाही.

त्याच रापणकराने दुसरीही एक गोष्ट विचारली: “हिला उलांडी नाय?” कोकणातल्या छोट्या होडीला एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी. अरुंद होडी तिच्या जिवावर लाटेत उभी राहते. अरुंद, वेगवान नाव आणि कडेला स्वस्त तरंग, असं ते जोडकाम आहे. आज बाजारात कयाकला लावायचे फुगवायचे बाजूचे तरंग मिळतात, ते उलांडीचेच वंशज म्हणायचे. हवा आणि टणकपणा यांचं भांडण आपल्या किनाऱ्याने फार पूर्वी असं मिटवलं होतं, पण आम्ही घाटावरचे लोक विचारायला उशिरा जातो.

उलटणं हे दोन्हींना आहे. हवेची रुंद कयाक सहसा उलटत नाही, पण उलटली आणि हात सुटला तर रिकामी नाव वाऱ्यावर फुग्यासारखी पळते. पोहून गाठता येत नाही. टणक कयाक तितकी पळत नाही, मात्र तिला सरळ करायला आणि वर चढायला युक्ती लागते. ही युक्ती समुद्रावर शिकायची नसते. छातीभर संथ पाण्यात, कुणीतरी सोबत असताना, लाइफ जॅकेट घालून मुद्दाम उलटायचं. पोट नावेवर आडवं टाकून, मग कुशीवर वळून, मग बैठकीत. दहा वेळा जमलं की समुद्राचं बघावं. ज्याला चढता येत नाही त्याने कुठलीच कयाक घेऊ नये, खडपावरून गरवावं. तिथेही जिताडा मिळतो.

मग घ्यावी कुठली? धोम, कण्हेर, उरमोडीच्या जलाशयात किंवा बंधाऱ्यामागच्या संथ कृष्णेत चिलापी, मरळ, कटल्यासाठी जायचं असेल तर हवेची कयाक बेलाशक घ्यावी. वारा सुटला तरी कुठला ना कुठला काठ जवळ असतो. पाण्यातल्या बाभळीची खोडं तेवढी सांभाळायची. धरणांतल्या मासेमारीचे ठेके बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, आणि कोयनेच्या शिवसागरावर तर अभयारण्य आणि धरणाची सुरक्षा दोन्ही आहेत. आधी विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

समुद्रासाठी मात्र टणक, रोटोमोल्ड केलेली, वर बसायची, अकरा ते तेरा फुटी, पिवळी नाहीतर नारिंगी. निळी-हिरवी फोटोत छान दिसते आणि शोधणाऱ्याला दिसत नाही. ती तिसऱ्या मजल्यावर ठेवायचीच नाही. कोकणात एखादा पाहुणा, मित्र, नेहमीचा खाणावळवाला असतोच. त्याच्या पडवीत उलटी करून, वर झावळ्या टाकून ठेवायची आणि दर खेपेला त्याला चार मासे द्यायचे. ऊन लागलं नाही तर वर्षानुवर्षं टिकते. घाटाचा प्रश्न असा सुटतो. ज्याला ही सोय नाही, त्याने ड्रॉप-स्टिच तळाची, तीन कप्प्यांची हवेची कयाक घ्यावी आणि स्वतःला अटी घालाव्यात: खाडीच्या आत किंवा टेकडीच्या आडोशाच्या उपसागरातच राहायचं, किनाऱ्यावर उभं राहून नव्हे, पुढच्या उघड्या पाण्याकडे बघून वारा तपासायचा, मतलई असेल तर आधी वाऱ्याविरुद्ध काठाकाठाने जायचं, म्हणजे दमल्यावर वारा आपल्याला घराकडे आणील. साडेनऊ-दहाला मतलई पडतो, थोडा वेळ सगळं थांबतं आणि मग खारा वारा सुरू होतो. तो किनाऱ्याकडे ढकलणारा, पण दुपारकडे लाटा उठवणारा. त्या मधल्या शांततेत परत फिरावं.

जून-जुलैत हा प्रश्नच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि कयाकला बंदी लागू आहे की नाही हे विचारणाऱ्याने एकदा किनाऱ्यावर जाऊन लाट बघून यावी. नारळी पौर्णिमेनंतरही दर्या खऱ्या अर्थाने निवतो तो ऑक्टोबरात. निघताना कुठे चाललो, किती वाजता येणार हे किनाऱ्यावर एकाला सांगून ठेवावं, मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात गळ्यात असावा आणि त्यात तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक असावा.

आणि घरी आल्यावर, नाव कुठलीही असो, गोड्या पाण्याने धुवायची. हवेची असेल तर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, आणि घडी घातल्यावर माळ्यावर नुसती टाकायची नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवायची. आमच्या ओळखीतल्या एका महागड्या कयाकला समुद्रात तीन वर्षं ओरखडासुद्धा पडला नव्हता. तिचे तिन्ही कप्पे कुरतडले ते साताऱ्यातल्या माळ्यावरच्या उंदरांनी.